पोस्ट-हेस्ट आणि मजल दरमजल

परवा ऑफिसात एक गंमत झाली. आमच्या क्लायंटकडे लंडनला एक ज्येष्ठ गृहस्थ आहेत, निवृत्तीला आलेले. त्यांचं इंग्रजी म्हणजे जुन्या वाड्यातलं सागवानी कपाट. त्यांनी मेल टाकला की अमुक पॅच आम्हाला 'पोस्ट-हेस्ट' पाठवा. टीममधल्या एका नव्या पोराने तो वाचला आणि अगदी गंभीरपणे विचारलं, "सर, ही कुठली एपीआय? गेट चालत नाही का, पोस्टच करायचं?"

सगळे खो खो हसले. मीही हसलो. पण खरं सांगायचं तर मलाही त्या शब्दाचा अर्थ अंदाजानेच माहीत होता. पोस्ट-हेस्ट म्हणजे ताबडतोब, विनाविलंब. पण का? आपल्याकडे पोस्ट म्हटलं की वेग आठवत नाही, रांग आठवते.

शनिवारी गावी जायचंच होतं. आमचं गाव लिंबागणेश, जिल्हा बीड. मांजरसुंब्याहून पाटोद्याकडे जाताना लागतं. भालचंद्र गणपतीचं जुनं देऊळ आहे, त्यामुळे चतुर्थीला गर्दी, एरवी निवांत. पुण्याहून नगर, जामखेड, सौताडा, पाटोदा असं करत जायचं. गाडी चालवताना डोक्याला काम लागतं, तर हा शब्द घेतला डोक्यात. त्यातून जे निघालं ते इथे लिहितोय. लांबण लागली तर माफ करा, विकांत आहे :-)

तर आधी इंग्रजीचं बघू. पोस्ट हा शब्द मुळात पत्राचा नाहीच. लॅटिनमध्ये 'ठेवलेलं', 'नेमून दिलेलं' अशा अर्थाचा एक शब्द आहे, पोझिटा. त्यातून इटालियनमध्ये पोस्टा झाला आणि पुढे इंग्रजीत पोस्ट. रस्त्यावर ठराविक अंतरावर माणसं आणि घोडी नेमून ठेवायची, त्या नेमलेल्या जागेला पोस्ट म्हणायचं. (आपल्या सरकारी नोकरीतलं 'पोस्टिंग' तेच. नेमून ठेवलेला माणूस!) मग त्या ठाण्यावरून घोडा दौडवणाऱ्या माणसालाही पोस्ट म्हणू लागले, आणि तो नेतो त्या थैलीलाही.

सोळाव्या शतकात आठव्या हेन्रीच्या काळात ब्रायन ट्यूक नावाचा गृहस्थ इंग्लंडच्या टपालाचा प्रमुख होता. त्या काळची सरकारी पत्रं आजही आहेत. त्यांच्या बाहेरच्या बाजूला, पत्त्याशेजारी, लिहिलेलं असायचं: घाई कर, पोस्ट, घाई कर. म्हणजे हा घोडेस्वाराला दिलेला हुकूम होता. तेवढ्यावर भागलं नाही तर पुढे, जिवाच्या आकांताने, जीव वाचवायचा असेल तर, अशीही पुस्ती. आणि काही पत्रांवर चक्क फाशीचा खांब काढलेला आहे. वाचता न येणाऱ्याला चित्रातून कळावं, उशीर केलास तर काय होईल! पुढे त्या हुकुमातला स्वल्पविराम झिजला आणि पोस्ट-हेस्ट हा एकच शब्द उरला. शेक्सपिअरच्या नाटकांत तो येतो तेव्हा साधा 'घाई' या अर्थाने येतो. घोडाही गेला आणि फाशीही गेली.

मला सगळ्यात आवडलेली गोष्ट वेगळीच. एलिझाबेथच्या काळात असा नियम होता की प्रत्येक ठाण्यावर पत्र किती वाजता पोचलं ते तिथल्या माणसाने पत्रावरच लिहायचं. अशी पत्रं सापडतात. अमुक गावी सकाळी नऊ, तमुक गावी दुपारी दोन. म्हणजे काय, तर ट्रेसराउट! आजही मेलच्या हेडरमध्ये वाटेतला प्रत्येक सर्व्हर आपली वेळ टाकतो, ते हेच. पत्र उशिरा पोचलं तर कुठल्या टप्प्यावर लोळलं ते शोधता येतं. खालून वर वाचत जायचं आणि गुन्हेगार धरायचा. आम्ही आठवड्यातून दोनदा हेच करतो.

आणि यातूनच मुद्दा कळतो. पत्रावर 'घाई' लिहिल्याने घोडा जोरात पळत नाही. मेलला लाल उद्गारचिन्ह लावल्याने सर्व्हर जोरात चालत नाही, तसंच. वेग येतो तो ठाण्यांमुळे. १६०३ साली एलिझाबेथ राणी वारली, तेव्हा रॉबर्ट केरी नावाचा सरदार लंडनहून निघाला आणि तिसऱ्या दिवशी रात्री एडिंबरोला पोचून त्याने जेम्सला सांगितलं, तुम्ही आता इंग्लंडचे राजे. सहाशे किलोमीटरच्या वर अंतर. वाटेत घोड्यावरून पडला, घोड्याची लाथ डोक्यात बसली, रक्त आलं. तरी पोचला, कारण ठिकठिकाणी ताजी घोडी तयार होती.

इथवर जामखेड आलं होतं. चहा घेतला. इथून जवळच खर्डा. १७९५ साली मराठे आणि निजाम यांची लढाई झाली तिथे. लढाई मराठ्यांनी जिंकली, पण बीड निजामाकडेच राहिलं, ते थेट १९४८ पर्यंत. टपालसुद्धा निजामाचंच, १८६९ पासून त्याची स्वतःची तिकिटं होती. असो, तो वेगळा विषय.

आता आपल्याकडचं. ज्याने आपल्याकडच्या टपालाचं नीट वर्णन लिहून ठेवलं तो मोरोक्कोचा इब्न बतूता. १३३३ साली तो सिंधमध्ये उतरला, दिल्लीला मुहम्मद तुघलकाकडे नोकरी केली. तो सांगतो, सुलतानाची टपालं दोन. एक घोड्यांचं, दर चार कोसांवर घोडी बदलायची. दुसरं पायी, एका कोसात तीन ठाणी. धावणाऱ्याच्या एका हातात पत्र, दुसऱ्या हातात दोन हात लांब काठी, काठीच्या टोकाला तांब्याच्या घंटा. तो जीव खाऊन पळत सुटायचा. घंटांचा आवाज आला की पुढच्या ठाण्यावरचा माणूस कंबर कसून उभा राहायचा, हातातलं पत्र घ्यायचा की पळाला. थांबणं नाही. आणि बतूता म्हणतो, हे पायी टपाल घोड्यांपेक्षा वेगवान होतं!

हे वाचून मी जरा थांबलो होतो. माणूस घोड्यापेक्षा जोरात कसा पळेल? नाहीच पळत. पण एका माणसाला कोसाच्या एक तृतीयांश, म्हणजे एक किलोमीटरच्या आसपास, पळायचंय. तेवढं तो फुल स्पीडला पळतो. घोड्याला चार कोस दमवायचंय, तर त्याचा वेग सरासरीवर येतो. शिवाय खोगीर बदला, स्वार चढवा, त्यात वेळ गेलाच. घंटा म्हणजे आगाऊ सूचना, हस्तांतराचा वेळ शून्य. ज्याने हे डिझाइन केलं त्याला आज कुठल्याही कंपनीत आर्किटेक्ट म्हणून घेतील.

या पायी टपालाला इब्न बतूता काय नाव देतो? 'दावा'. अभ्यासक सांगतात की हा आपला धावणे, धाव याच घरातला शब्द. चौदाव्या शतकात टपालाच्या एका पल्ल्याचं जे नाव होतं, त्याच घरातल्या शब्दात आपण आज सचिनची शतकं मोजली. धावा!

आणि हे सगळं लांब दिल्लीला नव्हे. तुघलकाने १३२७ मध्ये राजधानी देवगिरीला, म्हणजे दौलताबादला आणली. सुलतान दौलताबादला असला की प्यायला गंगेचं पाणी लागायचं, आणि ते चाळीस दिवसांच्या वाटेवरून या टपालाने यायचं, असं बतूता लिहितो. बीडशी तर त्याचा आणखी एक संबंध आहे. वरंगळकडून आजारी परतताना बीडला त्याचा दात दुखला. दात काढला आणि वर समाधी बांधून थाटात पुरला, असं फरिश्ता हा इतिहासकार सांगतो. बीडजवळ करजनीला ती दाताची कबर दाखवतात. मी लहानपणी पाहिली आहे. तेव्हा फक्त हसलो होतो. (धावणारे लोक लिंबागणेशावरून गेले असतील का, हा प्रश्न मनात आलाच. उत्तरेकडून दौलताबादला जाणाऱ्याला आमच्या गावात काय काम? पण मन मानत नाही.)

मराठ्यांच्या काळात जासूद होते, हरकारे होते, सांडणीस्वार होते. पण वेगाची खरी गोष्ट सांगायची तर सरकारपेक्षा सावकार पुढे होते. पानिपत झालं १४ जानेवारी १७६१ ला. नानासाहेब पेशवा मदतीला उत्तरेकडे निघाला होता, त्याला काहीच पत्ता नाही. वाटेत एक कासीद सापडला, सावकारांचं पत्र घेऊन निघालेला. त्यात दोन मोत्यांची, मोहरांची आणि ज्याचा हिशेब लागत नाही अशा चांदी-तांब्याची ती प्रसिद्ध सांकेतिक भाषा होती. ते सगळ्यांना माहीत आहे, शाळेत वाचलेलं असतं. पण ग्रँट डफने १८२६ च्या आपल्या इतिहासात आणखी एक तपशील दिलाय, तिकडे कुणी बघत नाही. तो कासीद जात होता औरंगाबादला (आताचं छत्रपती संभाजीनगर), आणि पानिपतहून औरंगाबाद नऊ दिवसांत गाठायचं असा करार होता! हजार-बाराशे किलोमीटर, नऊ दिवस, म्हणजे दिवसाला शंभरच्या वर. आजच्या भाषेत एसएलए. लाख माणसांचं काय झालं ते पेशव्याला कळायच्या आत औरंगाबादच्या पेढीला कळणार होतं, कारण हुंड्यांचे भाव त्यावर ठरायचे. शेअर बाजारवाले आज फायबर सरळ रेषेत टाकायला पैसे मोजतात, त्यात नवीन काही नाही.

आता माझी खरी अडचण. इतकं सगळं आपल्याकडे असताना पोस्ट-हेस्टसारखा शब्द मराठीत का नाही?

वेगाचे शब्द खंडीभर आहेत. तडक, तडकाफडकी, झटपट, लागलीच, टाकोटाक. 'घोड्यावर बसून आलायस का?' आहे. आमची आजी म्हणायची, "इस्तू न्यायला आल्यावानी काय करतूस? बस की." पूर्वी शेजारून चुलीसाठी विस्तव आणायचे, तो विझायच्या आत घरी पळायचं, म्हणून. यांत टपाल कुठेच नाही.

टपाल शब्दाचंच बघा. तो आला कुठून यावर पंडितांची भांडणं आहेत. हॉब्सन-जॉब्सन नावाचा जुना अँग्लो-इंडियन कोश आहे, त्यात सगळी मतं दिलीत. तेलुगूचा कोश करणारा ब्राउन म्हणतो, फ्रेंच एताप, म्हणजे मुक्काम, यावरून आला असेल. बीम्स म्हणतो, नाही, हा इकडचाच शब्द, पत्रांवर ठप्पा मारायची जागा ती टपाल. कोश स्वतः म्हणतो, उगम अंधारात आहे. मला आपला टप्पा जवळचा वाटतो, पण माझं काय, मी काही भाषापंडित नाही. डाक शब्दाचा संबंध काहींनी संस्कृत 'द्राक्' म्हणजे 'चटकन' याच्याशी लावला आहे. तो खरा असेल तर डाक म्हणजेच घाई. पण आपण तर डाक आरामात पाहिली.

टप्प्याचं बघा. टप्पा म्हणजे वाटेतला एक पल्ला, जी पोस्टची मूळ कल्पना तीच. (चेंडूचाही टप्पा, आणि गल्लीत एक टप्पा आउट.) पण 'टप्प्याटप्प्याने' म्हटलं की काय होतं? हळूहळू. सावकाश. सरकार एखादी योजना टप्प्याटप्प्याने राबवणार म्हटलं की आपण समजून जातो! 'मजल दरमजल' तसंच. मंझिल हा अरबी शब्द, मुळात अर्थ उतरण्याची जागा. घोड्यावरून, उंटावरून जिथे उतरायचं ती मंझिल. (इमारतीचा मजलाही तोच.) मजल दरमजल करत आला म्हणजे थांबत थांबत, रमतगमत आला. म्हणजे इंग्रजाने ठाणी मोजली आणि त्याला वेग दिसला. आपण ठाणी मोजली आणि आपल्याला मुक्काम दिसला. कल्पना एकच, अर्थ बरोब्बर उलटे.

पाटोदा मागे पडेपर्यंत याच्यावर विचार केला. मला वाटतं उत्तर असं आहे. ठाण्यावर पत्र थांबत नाही, माणूस थांबतो. तुम्ही पत्राच्या बाजूने बघितलं तर ठाणं म्हणजे वेग. माणसाच्या बाजूने बघितलं तर ठाणं म्हणजे विसावा. आपले हे शब्द आले ते लष्कराच्या आणि वाटसरूंच्या भाषेतून, स्वतःच्या पायांनी चालणाऱ्यांच्या. आणि लष्करालाही घाई असली की शब्द बदलायचा. मजल दरमजल नाही, 'कूच दरकूच'. म्हणजे उतरण्यावरून नाव न घेता निघण्यावरून घ्यायचं. वा! हे सुचलं तेव्हा मी गाडीत एकटाच टाळी वाजवणार होतो, पण समोरून ऊसाचा ट्रॅक्टर आला.

घरी पोचलो. रात्री जेवणानंतर हे सगळं अण्णांना (म्हणजे माझ्या वडिलांना) ऐकवलं. ते शांतपणे ऐकत होते. मी म्हणालो, "अण्णा, पत्रावर घाई कर असं लिहायची पद्धत आपल्याकडे नव्हती वाटतं."

"नव्हती कशी," अण्णा म्हणाले. "पत्र पाहताच निघणे. प्रत्येक पत्रात असायचं." आणि उठून आतून आबांची जुनी ट्रंक ओढली. माझे आजोबा, आबा, आलेलं प्रत्येक पत्र खुंटीवरच्या वाकड्या तारेला टोचून ठेवायचे. तुमच्यापैकी काहींच्या आजोळी असेल अशी तार. ती तार पत्रांसकट ट्रंकेत होती. अण्णांनी वरची पन्नासेक पत्रं सरकवली आणि दोन पोस्टकार्डं काढली. जागा पाठ असल्यासारखी.

ती लिंबागणेशहून औरंगाबादला अण्णांच्या होस्टेलवर गेलेली कार्डं होती. साल १९८१. आबांचे भाऊ, तात्या, यांचं अक्षर. पहिल्यात बाईंची, म्हणजे आबांच्या आईची, प्रकृती बिघडल्याचं आणि 'पत्र पाहताच निघणे'. दुसऱ्याचा एक कोपरा फाडलेला.

तरुण मंडळींसाठी सांगतो, कोपरा फाडलेलं कार्ड म्हणजे मृत्यूची बातमी. लग्नाच्या पत्राच्या कोपऱ्यांना हळदीकुंकू, आणि या पत्राचा कोपरा फाटका. न वाचता कळायचं. वाचता न येणाऱ्यालाही. हातात घेतल्या घेतल्या मला तो इंग्लंडचा फाशीचा खांब आठवला. तो पत्र नेणाऱ्याला धाक घालायला होता. हा घेणाऱ्याला जरा सावरायला वेळ मिळावा म्हणून.

ही गोष्ट घरात सगळ्यांना माहीत होती. अण्णांना बाईंनीच वाढवलेलं. पण त्या गेल्या तेव्हा अण्णा पोचू शकले नाहीत, दहाव्याला आले. कारण टपाल उशिरा आलं. तार का केली नाही, तर आजीचं म्हणणं, तार बघून पोरगं वाटेतच हातपाय गाळेल. टपालाने घात केला, हे मी आबांच्या तोंडून निदान वीस वेळा ऐकलंय. पोस्टमन दारात आला की चहा द्यायचे आणि चहाबरोबर हे ऐकवायचे.

माझ्या डोक्यात ट्रेसराउट होतंच. पूर्वी निघालेल्या आणि पोचलेल्या, दोन्ही पोस्टांचे गोल शिक्के कार्डावर पडायचे. मी मोबाइलचा टॉर्च लावला आणि उत्साहात वाचायला लागलो. "हे बघा अण्णा, इथून निघालं ३ फेब्रुवारीला. आणि हा औरंगाबादचा, ५ फेब्रुवारी. दुसरं ६ ला निघालं, ९ ला पोचलं. म्हणजे पहिलं तर दोनच दिवसांत..."

मग मी थांबलो. थांबायला उशीरच झाला होता.

अण्णांनी कार्ड माझ्या हातातून घेतलं. आतल्या खोलीत आई भांडी लावत होती तिकडे एकदा बघितलं. "ठाऊक आहे मला," ते म्हणाले. "आम्ही चौघं मित्र मुंबईला गेलो होतो. घरी न सांगता. आठ-दहा दिवस. परत आलो तर रेक्टरच्या टेबलावर दोन्ही कार्डं एकावर एक ठेवलेली. आल्यावर आबांना काय सांगणार? म्हटलं, टपाल उशिरा आलं."

"मग ही इथे कशी?"

"खिशात होती. आबांनी मागून घेतली आणि तारेला लावली."

मला काय बोलावं कळेना. शेवटी विचारलं, "आबांनी शिक्का बघितला नसेल का?"

अण्णा जरा वेळ कार्डं तारेला परत टोचत होते. जुन्या भोकातून नेमकी जाईनात.

"आबा दर महिन्याला पोस्टात पैसे भरायला जायचे," ते म्हणाले. "पासबुकावरचा शिक्का उजेडात धरून वाचल्याशिवाय तिथून हलत नसत."